चोवीस तास सेवा

"बघू या, पलीकडे कोण आहे," असं म्हणत बाई समोरच्या दुकानदाराच्या कार्डावरचा नंबर त्याच्यादेखतच लावायच्या आणि स्पीकर चालू करून फोन टेबलावर ठेवायच्या. वेबसाइट करून घ्यायला आलेला माणूस गडबडून जायचा. कधी त्याच्याच खिशातला फोन वाजायचा, कधी घरून बायको "कोण पाहिजे?" म्हणून खेकसायची. बाई शांतपणे विचारायच्या, "तुमच्या गिऱ्हाइकाला हेच ऐकू येणार. चालेल?"

बाई वसईच्या एव्हरशाईन सिटीत राहायच्या. मुंबईतल्या एका कंपनीच्या टेलिफोन बोर्डवर त्यांची सगळी नोकरी झाली. बोर्ड गेला, नोकरी गेली. मग पन्नाशीत कॉलेजच्या पोरांच्या क्लासला बसून त्या वेबसाइट बनवायला शिकल्या. मी फोटोग्राफर. दुकानांचे फोटो काढायला त्या मला बरोबर न्यायच्या. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, काम घेण्याआधी इतके प्रश्न विचारतात की समोरच्याला पळून जावंसं वाटतं.

गास गावच्या एका फुलवाल्याला त्याच्या साइटवर ट्यूलिपचे फोटो हवे होते.

"तुमच्या वाडीत होतात?" बाईंनी विचारलं.

"होत नाहीत, पण दिसायला भारी दिसतात."

"मग उद्या कोणी तीच मागितली तर?"

त्याने ट्यूलिपचा हट्ट सोडला. बाईंनी मला सकाळीच त्याच्या वाडीत पाठवलं. चाफा, मोगरा, पाटाचं पाणी आणि त्याच्या आईचे चिखलाने भरलेले पाय, सगळ्याचे फोटो काढायला लावले.

चंदनसारला हरेश्वरभाऊंचं दुकान होतं. घरी आजारी माणूस असला की जे लागतं ते भाऊ भाड्याने द्यायचे. पलंग, चाकाच्या खुर्च्या, ऑक्सिजनचे सिलिंडर. त्यांची वेबसाइट जुनी झाली होती, नवी करायची होती. उन्हाळ्यातली दुपार, वसईकडे लाइट गेलेली, चंदनसारला मात्र होती. आम्ही तिघं पंख्याखाली बसलो होतो.

"जुनी कोणी केली होती?" बाईंनी विचारलं.

"होता एक मुलगा. आता परदेशात असतो म्हणे."

"नाव कोणाच्या नावावर आहे?"

"दुकान माझ्याच नावावर आहे की!"

"दुकान नाही हो, वेबसाइटचं नाव. ते विकत घ्यावं लागतं, वेळेवर पैसे भरून चालू ठेवावं लागतं. कोणी घेतलंय?"

"त्यानेच."

"पासवर्ड?"

"तोही त्याच्याकडेच."

"म्हणजे पाटी तुमची आणि भिंत त्याची," बाई म्हणाल्या आणि त्यांनी मोबाइलवर ती साइट उघडली. वरच मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'चोवीस तास सेवा. एक फोन करा, ऑक्सिजन तुमच्या दारात.'

"रात्री दुकानात कोण असतं?"

"रात्री मी घरी झोपतो. ते त्याने लिहिलं, बरं दिसतं म्हणून."

खाली एक नंबर होता. भाऊंनी चष्मा लावून पाहिला. "हा माझा नाही. त्याचाच असेल. सुरुवातीला चौकशा मीच घेतो म्हणाला होता."

बाईंनी नंबर लावला. पलीकडून रिक्षाच्या इंजिनाचा आवाज आला.

"हॅलो, कोन?"

"ऑक्सिजनचं दुकान का?"

"अवो मॅडम, परत तेच! मी रिक्षावाला हाय, नालासोपाऱ्याचा. हा नंबर आता माझा हाय. आत्ता एक पोरगी सारखी सारखी फोन करत होती. रडायला लागली. लाइट गेल्या, बापाचं मशीन बंद पडलंय म्हनते. मी रिक्षावाला मानूस, मी कुठनं देनार ऑक्सिजन?"

मी कॅमेरा खाली ठेवला. हरेश्वरभाऊंचा चेहरा उतरला.

"दादा, फोन ठेवू नका," बाई रिक्षावाल्याला म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम सपाट झाला होता. इतकी वर्षं बोर्डवर हाच आवाज असणार. "तिचा नंबर तुमच्या मोबाइलमध्ये आलेला असेल. रिक्षा बाजूला घ्या आणि मला सावकाश वाचून दाखवा."

त्याने वाचला. बाईंनी लगेच लावला. पहिल्याच रिंगला मुलीने उचलला. घर एव्हरशाईनमध्येच होतं. वडिलांची फुप्फुसं आधीच निकामी होत आलेली, ऑक्सिजन देणाऱ्या विजेच्या मशीनवर दिवस काढत होते. जवळ ठेवलेला छोटा सिलिंडर संपत आला होता, काटा लाल पट्ट्यात गेला होता. रुग्णवाहिका येतेय म्हणाले होते, अजून पोचली नव्हती.

भाऊंनी सिलिंडर टेंपोत चढवला. आम्ही निघालो. बाई पुढे बसल्या, फोन कानाला. भाऊ गाडी चालवता चालवता सांगत होते आणि बाई ते तिकडे पोचवत होत्या. "त्यांना झोपवू नका. बसवा. पुढे उशी द्या, तिच्यावर हात टेकू देत. खिडक्या उघडा. ऑक्सिजन डॉक्टरांनी जेवढा सांगितलाय तेवढाच ठेवा, वाढवू नका."

वसई फाट्याला गाड्या तुंबल्या होत्या. भाऊ हॉर्नवरून हात काढेनात. मध्येच पलीकडून मुलीचा आवाज येईनासा झाला. नुसती धाप ऐकू येत होती. ती वडिलांची की तिची, कळत नव्हतं.

"बाळा, बोल माझ्याशी," बाई म्हणाल्या. "मी आहे. गेटवर वॉचमनला उभं कर."

इमारतीची लिफ्ट बंद. भाऊंनी सिलिंडर खांद्यावर घेतला आणि ते जिने चढत सुटले. मागून मी. बाईंचे गुडघे दुखायचे, त्या कठडा धरून एकेक पायरी येत होत्या. पण फोन त्यांनी कापला नव्हता.

नळी जोडली. म्हाताऱ्याच्या ओठांचा निळा रंग हळूहळू ओसरला. तेवढ्यात बाई दारात पोचल्या आणि धापा टाकत म्हणाल्या, "कसे आहेत?" तो आवाज ऐकून मुलगी वळली आणि त्यांच्या गळ्यात पडली. तोवर बाई कशा दिसतात हेही तिला माहीत नव्हतं.

मग रुग्णवाहिका आली. काही दिवसांनी वडील घरी परतले. पण त्या दुपारी रुग्णवाहिकेत चढण्याआधी ती मुलगी भाऊंना जे म्हणाली ते माझ्या कानात राहिलं. रागाने नव्हे, साधेपणानेच म्हणाली, "चोवीस तास लिहिलं होतं ना, म्हणून मी दुसरीकडे शोधलंच नाही. तोच नंबर लावत राहिले."

दुकानात आल्यावर भाऊ म्हणाले, "ती साइट बंदच करून टाका."

"बंद नको. खरी करू," बाई म्हणाल्या. "पहिलं ते चोवीस तास काढायचं."

"काढलं तर लोक दुसरीकडे जातील."

"जाऊ देत. जिथे रात्री कोणी जागं आहे, तिथे जातील."

पण काढणार कसं? साइटचं नाव आणि किल्ल्या त्या मुलाकडे, आणि तो कशालाच उत्तर देत नव्हता. तोवर ती खोटी पाटी तशीच झळकत होती. बाईंना स्वस्थता नव्हती. नालासोपाऱ्याच्या स्टँडवर जाऊन त्यांनी त्या रिक्षावाल्याला शोधून काढलं आणि फोन आला तर भाऊंचा खरा नंबर सांगायची विनंती केली. "सांगीन की," तो म्हणाला, "पन त्यांना म्हनावं, उचला." पुढे असा फोन आला की पॅसेंजर बसलेले असतानाही रिक्षा थांबवून तो भाऊंचा नंबर सांगायचा.

मग बाई त्या मुलाच्या आईवडिलांच्या घरी जाऊन बसल्या. आईने व्हिडिओ कॉल लावून दिला. बाई त्याला रागावल्या नाहीत. त्या दुपारी काय झालं, तेवढंच सांगितलं. त्याने मान खाली घातली. सगळं भाऊंच्या नावावर करून दिलं. बाईंनी 'चोवीस तास' काढून भाऊंचा नंबर टाकला, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला.

बाई आता नाहीत. आजार त्यांनी शेवटपर्यंत कोणाला कळू दिला नाही. जाण्याआधी काही आठवडे त्या दुकानं फिरत होत्या. प्रत्येकाला समोर बसवून पासवर्ड बदलायला लावत होत्या. "मला माहीत असलेला नको," म्हणायच्या.

चंदनसारला मी बरोबर होतो. भाऊ कॉम्प्युटरपुढे बसले आणि बाई उठून भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. भाऊ एका बोटाने टाइप करणारे. प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हटल्याशिवाय त्यांचं बोटच चालेना.

"अहो, मला ऐकू येतंय!" बाई ओरडल्या.

"मनात म्हटलं तर चुकतं हो!"

बाईंनी दोन्ही तळहात कानांवर दाबले. भाऊ पुन्हा पहिल्यापासून एकेक अक्षर म्हणू लागले. बाईंचे खांदे हसून हलत होते. ते किती खाली आले होते, ब्लाउज किती सैल झाला होता, हे मला तेव्हा पाठीमागून दिसलं.

"झालं," भाऊ म्हणाले.

त्यांना ऐकू गेलं नाही. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. पुन्हा हाक मारायचं दोघांच्याही जिवावर आलं. घडी करून ठेवलेल्या चाकाच्या खुर्च्यांपुढे बाई तशाच उभ्या होत्या, आमच्याकडे पाठ करून, कानांवर हात ठेवून.