लॅपटॉप फुटला, धुऱ्याचा व्हिडिओ नाही

मंडळी, शेताच्या धुऱ्यावरून, म्हंजे बांधावरून, भांडताना माह्या चुलतभावानं माहा लॅपटॉप ओसरीवरून अंगणात फेकलता. त्यात जमिनीच्या मोजणीचा व्हिडिओ होता. वरून म्हणे, "दाखव आता तुहा पुरावा."

मलेही वाटलं, गेलं सारं.

आज फुटका लॅपटॉप घेऊन दारव्ह्याले दुरुस्तीच्या दुकानात गेलतो. दुकानदारानं आतली ड्राइव्ह काढून त्याच्या कॉम्प्युटरले जोडली. व्हिडिओ जसाच्या तसा. भाऊ हासत हासत सोताच्या हातानं धुऱ्यावर दगड गाडून राह्यला. तोच दगड आता माह्या वावरात दोन हात आत आला हाय.

भाऊ या ग्रुपात नाही. सकाळीच विचारत होता, "नवा लॅपटॉप कधी घेतं बे?"

पोळ्याले सारा गाव तोरणाखाली जमते. तिथंच पडदा लावतो. सांगा, आवाज किती मोठा ठेवू?