फणसाचा खांब

"गाडी लाकडाची असते, पत्रा हा तिचा नुसता सदरा," असं गुणाजी मेस्त्री एकदा म्हणाला, तेव्हा विक्रोळीच्या चाळीतली सगळी मंडळी हसली होती. शेजारचा लवू म्हणाला, "मग तिला पेट्रोल कशाला पाजता? तेल चोळा आणि उन्हात ठेवा." गुणाजी हसला नाही. त्याला विनोद कळत नव्हता असं नाही. या एका गाडीबद्दल त्याला हसता येत नव्हतं, एवढंच.

आठवडाभर तो कंपनीत यंत्रं पाठवायची खोकी ठोकायचा. खोकी परगावी जायची आणि पोचल्याबरोबर फोडली जायची. मोडण्यासाठीच केलेलं काम. रविवारी मात्र तो मुलुंडला नंदकुमार धुरंधरांच्या बंगल्यावर जायचा. तिथं मांडवाखाली त्यांच्या वडिलांनी घेतलेली एमजी उभी असे: सत्तेचाळीस सालची, दोन माणसांची, हिरवी, उंच तारांच्या चाकांची, मागच्या बाजूला बिजागऱ्या असलेल्या दारांची. इंजिन बघायला दुसरा माणूस होता. गुणाजीकडे गाडीचं अंग होतं. त्या काळच्या इंग्रजी गाड्यांचं अंग आतून लाकडी सांगाड्यावर बसवलेलं असतं, आणि ते विलायती लाकूड, अ‍ॅश म्हणतात ते, इथं मिळत नाही. मग जिथं कुजेल तिथं गुणाजी साग घालायचा. सिनेमावाले गाडी शूटिंगला मढच्या समुद्राकाठच्या बंगल्यांवर न्यायचे, तिथून ती मीठ पिऊन यायची आणि दर पावसाळ्यानंतर कुठेतरी भुसा गळायचा.

"तुझा हात लागला नसता तर ही केव्हाच भंगारात गेली असती रे," नंदकुमार म्हणायचे. "पण तेवढा तो डाव्या दाराचा आवाज काढ ना. काय करकरतं!"

"बघतो," गुणाजी म्हणायचा.

कितीतरी वर्षं तो बघत होता.

तो आवाज ऐंशी सालचा. त्या वर्षी मढला कुणी एक हिरो दार न उघडता त्याच्यावर पाय देऊन आत उडी मारत होता. दिग्दर्शकाला ती उडी पसंत पडेना, म्हणून दिवसभर मारत राहिला, आणि संध्याकाळी दार ज्या खांबावर झुलतं तो खांबच फुटला. त्याच आठवड्यात गुणाजीचं मूल गेलं. वर्षाचंही झालं नव्हतं. ताप आला, डोक्यात गेला, संपलं.

पाळणा गुणाजीनं स्वतः केला होता, गावच्या फणसाचा, खांबांवर राघू कोरलेला. ज्या पाळण्यात मूल गेलं तो घरात ठेवत नाहीत, कुणाला देत नाहीत, जाळतही नाहीत. पाण्यात सोडतात, आणि सगळा सोडतात. एखादा तुकडा जरी मागे राहिला तरी गेलेला जीव त्याला धरून बसतो, आणि दुसरं पोटात राहत नाही. हे त्याच्या बायकोच्या, सुलक्षणाच्या आईनं सांगितलं होतं, तिला तिच्या आईनं. गुणाजी पाळणा खांद्यावर घालून खाडीवर गेला. लाकूड बुडेना. चिखलाच्या पाण्यावर पाळणा स्वतःशीच हलत राहिला, मग ओहोटीनं त्याला तिवरांमध्ये ओढून नेलं.

तो परत आला तेव्हा सुलक्षणा दारातच उभी होती.

"सगळो सोडल्यात मां?"

"व्हय. सगळो."

पाळण्याच्या चार खांबांतला एक त्याच्या हत्यारांच्या पिशवीत होता. का काढून घेतला, हे त्याला तेव्हा कळलं नव्हतं, पुढेही कळलं नाही. घरात ठेवायची सोय नव्हती, टाकवत नव्हता. रविवारी तो मुलुंडला गेला, आणि फुटलेल्या खांबाच्या जागी फणसाचा खांब तासून बसवला. सरस मात्र लावला नाही. नुसते स्क्रू, तेही जरा सैल. गाडी चालली की खांब करकरे. नंदकुमार त्याला कधी एखादी चक्कर मारायला डाव्या बाजूला बसवत, तेव्हा तो दारावर कोपर टेकून, मागे हात नेऊन डोळे मिटून बसे. पाळण्याची दोरी ओढली की कडी अशीच बोलायची.

सुलक्षणा दर वर्षी त्या दिवशी खाडीवर जाऊन ओंजळभर फुलं सोडायची. दुसरं मूल झालं नाही. तिनं दवाखाने केले, उपास केले, आणि हळूहळू बोलणं कमी केलं. गुणाजी रविवारी निघाला की म्हणायची, "जावा. तुमची विलायती सवत वाट बघता." तो चपला घालायचा आणि जायचा.

अठ्ठ्याऐंशी साली नंदकुमारांचे गुडघे गाडीत मावेनासे झाले. गाडी त्यांनी चंद्रप्रकाशला दिली. हा अंधेरीचा माणूस. जुन्या गाड्या कारखान्यातून निघाल्या तशा करायच्या, हे त्याचं वेड. बोटीनं त्यानं खास अ‍ॅश मागवलं होतं. शेडमध्ये पत्रा उतरवून सांगाडा उघडा ठेवलेला होता. गुणाजीला बोलावलं, हातात खडू दिला.

"मेस्त्री, जे जे मूळचं नाही त्याच्यावर खूण करा. तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?"

गुणाजीनं खुणा केल्या. तळाची पट्टी, मागची कमान, उजवा खांब. आपल्याच हाताचं काम तो एकेक करून रद्द करत गेला. डाव्या खांबापाशी आला, थांबला, आणि पुढे गेला.

चंद्रप्रकाश मागून येत होता. त्यानं चाकूच्या टोकानं जरा खरवडलं. वरून काळपट, आत हळदीसारखं पिवळं.

"हा राहिला."

"तो राहू द्या, साहेब."

"अहो, फणस आहे हा. आणि सरससुद्धा नाही? बाकी सगळं इतकं पक्कं, आणि इथंच असं कसं केलंत?" तो रागावला नव्हता. त्याला खरंच नवल वाटलं होतं. "सगळ्या दाराचा भार याच्यावर. चालत्या गाडीत दार निखळलं असतं ना!"

खरं होतं ते. गुणाजीनं कधी तसा विचारच केला नव्हता. आठ वर्षं त्या बाजूला माणसं बसत होती.

त्यानं स्वतःच स्क्रू काढले. सैल होते, बोटांनीच निघाले.

"जुनं लाकूड मागे चहाच्या चुलीला जातं," चंद्रप्रकाश म्हणाला. मग त्याच्या तोंडाकडे बघून म्हणाला, "हवा असेल तर न्या."

वाटेत त्याला किती जागा होत्या! कुठंही ठेवता आला असता, कुठल्याही पुलावरून सोडता आला असता. पण तो पिशवीत खांब घेऊन सरळ घरी आला. संध्याकाळ होती, सुलक्षणा तांदूळ निवडत होती. त्यानं पिशवी कोपऱ्यात ठेवली. पिशवी कलंडली आणि खांब बाहेर घरंगळला.

तासून तासून त्याचा आकार गेला होता. पण एका टोकाला कडीचं भोक होतं, आणि त्याच्या खाली कोरलेल्या राघूची अर्धी शेपटी.

सुलक्षणानं सूप बाजूला ठेवलं. जवळ गेली नाही.

"ह्यो खंयसून आणल्यात?"

"गाडीत होतो."

"कधीपासना?"

तिला उत्तर नकोच होतं. ती भोकाकडे बघत राहिली. बाहेर कुणाच्या तरी रेडिओवर बातम्या चालल्या होत्या.

"मगे मी खाडीर कोणाक बघूक जाय होतंय?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. बाजारात वजन कमी भरलं तर विचारावं तसा होता. "तो थंय नव्हतोच. तुमच्या गाडीत फिरत होतो. लोकांक घेवन."

"सुले..."

"म्हणान दुसरां रवलां नाय."

यावर त्याला बरंच म्हणता आलं असतं. की असं काही नसतं. की डॉक्टरांनी वेगळं सांगितलं होतं. की त्याला एवढंच हवं होतं, आठवड्यातून एकदा तो आवाज. पण गेली आठ वर्षं दर महिन्याला ती गप्प होऊन मोरीत जायची, तेव्हा त्याच्याही मनात हेच आलं होतं, आणि तरी रविवारी त्यानं तो खांब काढला नव्हता.

तिनं पुन्हा सूप पुढे ओढलं. बोटं तांदळात फिरू लागली, पण खडा एकही वेगळा निघत नव्हता.

गुणाजीनं वाकून खांब उचलला. पिशवीत घातला नाही; छातीशी आडवा धरला. उंबऱ्यापाशी चपला होत्या, त्या त्यानं घातल्या नाहीत. तो बाहेर पडला आणि खाडीच्या वाटेला लागला.