दगडाबाईनं ठोकलेला पत्रा

दगडाबाईला जगातल्या निम्म्या गोष्टींची शिसारी यायची आणि उरलेल्या निम्म्या तिनं अजून पाहिल्या नव्हत्या. भाकरी करपली की शी. जावई दारू पिऊन आला की शी. सोबतच्या बाईनं माती नीट तुडवली नाही तर सगळ्यात मोठी शी, सोबत दोन शिव्या.

ती गारखेड्याची. उन्हाळा लागला की गावातल्या सात-आठ बाया घेऊन ती औरंगाबादेत यायची आणि जुन्या घरांची माळवदं, म्हणजे मातीची छतं, घालायची. लाकडी कडीपाटावर कडुलिंबाचा पाला, त्यावर गारखेड्याची पांढरी माती, वरून पाणी. मग सगळ्या जणींनी ओळीनं उभं राहून, गाणं म्हणत, ती पायांनी तुडवून घट्ट करायची. काम गड्यांनाही जमलं असतं. पण चेलीपुऱ्यासारख्या मोहल्ल्यात गडी छतावर चढायचा तर आधी "परदा!" म्हणून तीनदा ओरडावं लागे आणि आसपासच्या घरांतल्या बाया हातातलं टाकून आत पळत. तो उतरेपर्यंत आतच. बाई चढली तर कुणाला काही नाही. दगडाबाईची भाकरी या रिवाजावर चालली होती, आणि तिला ते पक्कं ठाऊक होतं.

त्याच मोहल्ल्यातलं नूरमोहम्मद पेशकारांचं घर या बायांच्या हक्काचं. बादशाही काळातलं जुनं घर, मोठा चौक, चौकाच्या पार टोकाला पायखाना. दगडाबाईच्या आधी तिची सासू इथं माती तुडवायची. अशा घरात एका उन्हाळ्यात पेशकारसाहेब म्हणाले, "दगडाबाई, यंदा जुनी माती फक्त उतरवून द्यायची. वर पत्रा टाकतोय."

"पत्रा? ह्या घरावर?"

"हैदराबादेत जिथं बघावं तिथं पत्राच आहे. एकदा टाकला की जिंदगीभर बघायला नको."

"पत्र्याचा डबा असतोय, साहेब. त्यात मानसं ऱ्हातेत व्हय? शी!"

पण साहेबांचंही खोटं नव्हतं. माळवद गळत होतं. दरसाल जुन्या मातीवर नवी माती चढवायची, जुनी कोणी काढायचं नाही. त्या ओझ्यानं तुळया वाकल्या होत्या. बायांनी कुदळी घातल्या तसं एकेक बाहेर आलं. कबुतरांच्या विष्ठेची ढेकळं, सापाची कात, घुशीची लालभडक उघडी पिलं, आणि सगळ्यावर कुजलेल्या पाल्याचा असा वास की बायांनी नाकाला पदर लावले. इतकी वर्षं आपण गाणी म्हणत तुडवलं ते हेच, या विचारानं दगडाबाई बाजूला थुंकली. आणि तरीही, खाली उतरणाऱ्या प्रत्येक पाटीबरोबर आपलाच काहीतरी ऐवज चाललाय असं तिला वाटत राहिलं. त्याचीही तिला किळस आली.

मग रामकिसन मिस्त्री आपली माणसं घेऊन आला. वासे बसवून झाले, पत्रे चढवायला सुरुवात झाली. रोज सकाळी "परदा!" अशी आरोळी, आणि दिवस मावळेपर्यंत सहा गडी डोक्यावर. पेशकारसाहेब आयुष्यभर कचेरीत दुसऱ्यांचे अर्ज-दरखास्ती वाचत आले होते, पण स्वतःच्या घरातल्या बायकांनी दिवसभर चौक ओलांडायचा नाही तर जायचं कुठं, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. तिसऱ्या दिवशी शेजारचे लोक भांडायला दारात उभे राहिले. त्यांच्याही बाया कोंडल्या होत्या. मिस्त्री चिडून खाली उतरला. अर्धं छत उघडं, मृग तोंडावर.

ही खबर गारखेड्यात पोचली तेव्हा दगडाबाई चुलीपुढं बसून मनापासून हसली. आता पत्रा बोंबलला! आठवडाभर कळ काढली की पेशकार स्वतः येईल आणि म्हणेल, बाई, माती आण. तिनं बायांना पाट्या तयार ठेवायला सांगितलं.

पेशकार आले नाहीत. त्याच संध्याकाळी जोहराबीचा, म्हणजे पेशकारांच्या बायकोचा, निरोप आला. दगडाबाई मागच्या दारानं आत गेली. अंधाऱ्या खोलीत जोहराबीची सून फहमिदा पडली होती. आठवा महिना, ओठ सुकून फुटलेले.

"काय झालं हिला?"

"गडी वर असतेत म्हून तीन दिन पानी नाय पिली," जोहराबी म्हणाली. "पिलं तर चौकात जावं लागतंय ना. दाई म्हणती, असंच ऱ्हायलं तर पोराला धोका हाय. आन् पाऊस येतोय म्हून उद्यापासून मिस्त्री पुन्हा चढनार. दगडाबाई, तू चढ. तुझ्या बायांना घेऊन तूच ठोक तो पत्रा."

"बीबी, म्या पत्रा ठोकू? माझ्या हातानं?"

जोहराबीनं सुनेच्या उशाशी भरून ठेवलेला तांब्या दाखवला. फहमिदानं नुसतं पाहिलं.

"शी!" दगडाबाई म्हणाली. ही शी पेशकारांसाठी होती, रिवाजासाठी होती, आणि आठवडाभर कळ काढायला निघालेल्या स्वतःसाठीही. "आधी हिला पानी पाजा. आन् हातोडी कुठंय ते सांगा."

दुसऱ्या दिवसापासून गारखेड्याच्या बाया छतावर, आणि रामकिसन मिस्त्री रस्त्याकडच्या ओट्यावर भिंतीला तोंड करून बसलेला. तिथून तो ओरडायचा, "उंचवट्यावर ठोका, पन्हळीत ठोकू नका!" वरून दगडाबाई ओरडायची, "कळतंय रे, मुडद्या!" गाणं कुणी म्हटलं नाही. हातोड्यांत ऐकूच आलं नसतं. खाली फहमिदा हळूहळू चौक ओलांडून जायची. तिच्या हातात तांब्या दिसला की दगडाबाई मान फिरवून पुढचा खिळा घ्यायची.

काम झालं. पेशकारसाहेब खूश. "गल्लीतली आणखी दोन घरं पत्रा टाकतायत," ते वर बघून म्हणाले. "तुझ्याच बाया पायजेत म्हणतात. परद्याची कटकट नाही."

दगडाबाई पत्र्यावर टाकलेल्या पोत्यावरून उठली. माळवद झालं की उतरायच्या आधी अनवाणी पाय दाबून बघायचा, माती बसली की नाही, ही तिची जुनी सवय. तसाच तिनं पाय दाबला. भर दुपार होती. तळवा चर्रकन भाजला.

खाली आल्यावर जोहराबीनं तिचा पाय पाण्याच्या बादलीत धरला. "लई भाजलं का गं? आता काम कसं करशील?"

"करीन की," दगडाबाई म्हणाली. "आता पायाचं काय काम ऱ्हायलंय?"