अप्पांची पोस्ट मीच बंद केली

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगते, नायतर परत हिंमत व्हायची नाय.

पुण्याला निघाले तेव्हा अप्पा लासूर स्टेशनहून संभाजीनगरच्या क्रांती चौकापर्यंत सोबत आले. ट्रॅव्हल्समध्ये बॅग स्वतः चढवली, वर ड्रायव्हरला म्हणले, "पोरगी पहिल्यांदाच चालली, नीट न्या." सगळी गाडी बघत होती. मी मान खाली घातली. गाडी हलली तरी ते खालून ओरडत होते, "काय अडलं तर लोकांना विचार. लाजू नको."

विचारलं की! पुण्यात आलेल्या आपल्या संभाजीनगरवाल्यांचा हा फोरम नसता तर मला रूमच भेटली नसती. गादी कुठं, डबा कुठं, कोणती बस, सगळं तुम्हीच सांगितलं. मग मीच नव्यांना उत्तरं द्यायला लागले अन् मॉडरेटर झाले. कुणाची पोस्ट ठेवायची, कुणाची काढायची, माझ्या हातात. नाव टोपण, फोटो नाय. लई भारी वाटायचं.

परवा नवीन पोस्ट आली. "नमस्कार. माझी लेक पुण्यात कामाला हाय. फोनवर मजेत हाय म्हणती, पण आवाज बारीक झालाय. हिंजवडीत ज्वारीच्या भाकरी करून देणारी कुणी बाई हाय का?" खाली माझा फोटो. शाळेचा ड्रेस, तेल चोपडलेल्या दोन वेण्या.

अप्पा! इथं!

एकानं लिहिलं, "काका, लेक कामाला गेली का बालवाडीत?" हसायचे इमोजी धडाधड. हर्सूलच्या शबानाआपा, आता वाकडला राहतात, त्यांनी झापलं, "हसताय काय रे? काका, टेन्शन नक्को. रविवारी माझ्याकडं पाठवा, भाकरी मी करते."

अन् मी? पोस्ट बंद केली. कारण टाकलं, खाजगी माहिती. फोरमचा ठरलेला मेसेज आपोआप गेला, पुन्हा असं केलं तर खातं बंद होईल.

मॉडरेटरला अप्पांचं उत्तर आलं. "साहेब, माफ करा. नियम माहीत नव्हते. खातं बंद केलं तरी चालंल, पण माझी लेक इथं असंल तर तिला कळू देऊ नका. तिला कमीपणा वाटंल."

साहेब म्हणले मला. माझे अप्पा.

आत्ता पोस्ट परत उघडली. खाली लिहिलं, ही लेक मी, अन् बंद करणारी पण मीच. शबानाआपा, रविवारी येते, चालंल ना?

घर सोडून आले म्हणत होते मी. घर तर मला शोधत इथवर आलं, अन् मी त्याला दारातूनच हाकललं.

अप्पांना फोन लावायचाय. हातात धरून बसलीय, लावला नाय. आपल्याच माणसाला चारचौघांत ओळख दाखवली नाय, असं तुमच्याकडून झालंय का कधी? मग फोनवर पहिलं वाक्य काय बोललात? तेवढं सांगा ना.