बाप्तिस्म्याच्या सकाळचं चोकअप

मरोळच्या गावठाणात कुणाचा मिक्सर बंद पडला, कुणाच्या नळाचा वॉशर गेला, की आधी कार्मेनबायला हाक जाते आणि मग मिस्त्रीला. साकीनाक्याच्या एका कारखान्यात तिने उमेदीची सगळी वर्षं विजेची बटणं जोडली आणि शेवटी अख्ख्या लाईनीची सुपरवायझर होऊन रिटायर झाली. खराब माल निघाला की बाकीच्या बाया एकमेकींकडे बोट दाखवायच्या. कार्मेनबाय मात्र शेवटच्या टेबलापासून एकेक टेबल मागे चालत यायची आणि जिथे चूक झाली तिथे नेमकी येऊन उभी राहायची. “माल खोटं बोलत नाय,” हे तिचं पालुपद. आपलीही चूक होऊ शकते हे तिला तत्त्व म्हणून मान्य होतं. फक्त तसा प्रसंग अजून आला नव्हता, असं तिचं प्रामाणिक मत.

त्या रविवारी तिच्या पहिल्या नातवाचा बाप्तिस्मा होता. चर्चमधून सगळी मंडळी जेवायला घरी येणार होती, आणि जेवणात फुगे हवेतच. मैदा, अंडी आणि नारळाच्या दुधाचं पीठ रात्रभर आंबवायचं, सकाळी मुठीतून पिळून तेलात सोडायचं, की टम्म गोळे वर येतात. गावठाणातल्या लग्नांना आणि सणांना फुगे करावेत ते कार्मेनबायनेच, असा शिरस्ता. पण या खेपेला तिने आठवडाभर आधीच जाहीर करून टाकलं होतं, “फुगे माझी वेन्डी करेल. मी हात लावणार नाय.”

वेन्डी तिची सून, मुलुंडच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. लग्नाला दोन वर्षं होत आली तरी फिलोमिना, म्हणजे कार्मेनबायची नणंद, तिला अजून ‘मुलुंडची पोर’ असंच म्हणायची. फुगे जमले तर ते नाव कायमचं सुटणार होतं, आणि फसले तर कायमचं चिकटणार होतं. हे वेन्डीला माहीत होतं आणि कार्मेनबायलाही. म्हणून तर आदल्या संध्याकाळी सून बाळाला आंघोळ घालत असताना कार्मेनबायने पिठाच्या टोपाचं झाकण उचलून पाहिलं, थोडा हातही लावला, आणि निश्चिंत मनाने झोपली.

सकाळी मुलाच्या, लेस्टरच्या आरोळीने ती उठली.

“मम्मी, वाट लागली! संडास चोकअप झालाय. पाणी वर वर येतंय!”

घरात संडास एकच. तोही नवऱ्याने, कॉस्मसने, स्वतःच्या हातांनी बांधलेला. त्याआधी सगळ्या गल्लीला मिळून एक होता आणि बायका उजाडायच्या आत डबे घेऊन निघायच्या. कॉस्मस गेल्यापासून त्या संडासाला परक्या माणसाने हात लावलेला कार्मेनबायला खपत नसे. लेस्टरने तरी दोन प्लंबरना फोन केले. एकाने उचलला नाही, दुसरा म्हणाला संध्याकाळी बघतो.

“संध्याकाळी ये आणि आमचे पाहुणे मोज,” असं फोनच्या दिशेने ओरडून कार्मेनबायने मॅक्सी खोचली, हातांना दुधाच्या पिशव्या बांधल्या आणि मोरीमागून कॉस्मसची हत्यारं काढली. एक लांब चिवट बांबूची पट्टी, आणि जुन्या स्लिपरचा गोल तुकडा दांड्याला ठोकून केलेला पंप.

परसात जाऊन तिने आधी चेंबरचं झाकण उचललं. आत कोरडं ठाक.

“म्हणजे अडकलंय ते भांडं आणि चेंबरच्या मधी. बाहेरची लाईन साफ हाय,” ती आतल्या लेस्टरला ओरडून म्हणाली. “तू काय बी करू नको. मी येतंय.”

पण लेस्टरने मोबाईलवर व्हिडिओ बघितला होता. आई येईपर्यंत त्याने गीझरचं कढत पाणी बादलीभर ओतूनही टाकलं. कार्मेनबाय दारात आली आणि जागच्या जागी थांबली. संडासातून वास येत होता. छान वास. नारळाच्या दुधाचा, अंड्याचा, भाजत आलेल्या पावासारखा.

“अरे, हे तर फुगे!” ती म्हणाली.

ती तडक स्वयंपाकघरात गेली. पिठाचा टोप घासून, पुसून पालथा घातलेला होता.

तिने लेस्टरला भांड्यातलं पाणी मगाने उपसायला लावलं आणि स्वतः परसात चेंबरपाशी बसून पट्टी नळात सारू लागली. थोड्या वेळाने मागे पावलं वाजली. वेन्डी होती. रडून रडून डोळे सुजलेले.

“मम्मी, मी टाकलं. पहाटे बघितलं तर पीठ टोपाबाहेर येऊन ओट्यावर सांडलेलं. आंबट घाण वास. कचऱ्यात टाकलं असतं तर फिलोमिना आत्यांनी बघितलं असतं ना. मला वाटलं फ्लश केलं की जाईल.” तिने बाहीला नाक पुसलं. “सगळं पाकिटावर लिहिलंय तसं केलं होतं गं. मला नाहीच जमणार हे.”

“रड मागाहून. ती बादली इकडं दे.”

कार्मेनबायने पट्टी खुपसली, फिरवली, ओढली, पुन्हा खुपसली. “गार पाणी, लेस्टर! गरम पाण्यानं तू ते शिजवून ठेवलंय. आता पंप मार!” आतून स्लिपरच्या पंपाचे दणके सुरू झाले. पट्टीला काहीतरी मऊ पण हट्टी लागलं, ती त्यात घुसली, आणि घळघळ करत सगळं पाणी चेंबरमध्ये कोसळलं. त्यासोबत पांढरे, अर्धवट शिजलेले लगदे. कार्मेनबायने एक पिशवी बांधलेल्या हातात उचलला. आत नुसती जाळी पडलेली. आणि त्या सगळ्या घाणीतही एक वास तिला ओळखीचा आला.

“यात काय घातलं होतंस?”

“यीस्ट. फक्त यीस्ट.”

माल खोटं बोलत नव्हता. कार्मेनबाय मनातल्या मनात मागे मागे चालत गेली. ओटा, टोप, कालची संध्याकाळ, टोपाचं उचललेलं झाकण. पीठ निपचित पडलेलं दिसलं होतं. पाकिटातल्या यीस्टवर तिचा कधीच भरवसा नव्हता, तिचे फुगे ताडीवरच आंबायचे, म्हणून वसईहून आणलेली ताडी तिने चांगली दोन पेले त्यात ओतली होती. यीस्ट आणि वर ताडी. मग पीठ टोपात राहील कसं?

लाज वाटली तिला. खरोखरीची, कान तापवणारी लाज. गप्प बसणं सोपं होतं. पोरीने सगळा दोष स्वतःच उचलला होता, आणि सासूने नुसतं माफ केलं तरी ती जन्मभर उपकार मानणार होती.

“वेन्डी,” ती लगदा खाली टाकून म्हणाली, “तुझं पीठ बरोबर होतं. मी चोरून त्यात ताडी ओतली. नासवलं ते मी.”

वेन्डीने बादली उचलून चेंबरमध्ये इतक्या जोरात उपडी केली की कार्मेनबाय गुडघ्यापर्यंत भिजली.

बाप्तिस्मा छान झाला. जेवायला पंगत बसली आणि डुकराच्या मटणाच्या सोरपोतेलबरोबर बेकरीचे पाव आलेले बघून फिलोमिनाने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “फुगे कुठं गेले गो मुलुंडच्या पोरीचे?”

लुगडं नेसलेली कार्मेनबाय उभी राहिली. “फुगे मी नासवले. तिनं यीस्ट नीट घातलं होतं. माझ्याच्यानं राहवलं नाय, मी मागाहून ताडी ओतली.”

फिलोमिनाने डोळ्यांना पदर लावला. “बघा, सुनेच्या चुकीवर कसं पांघरूण घालते! अशी सासू मिळायला पुण्य लागतं.” पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

“अगो, खरंच मी ओतली!” कार्मेनबाय चिडून ओरडली. टाळ्या आणखी वाढल्या. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत चूक कबूल केली आणि एकही माणूस ती घ्यायला तयार नव्हता. समोर वेन्डी ओठ चावून हसू दाबत होती.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर वेन्डीने कुणाला न विचारता नवीन पीठ मळलं. सकाळी फुगे तळून पहिला डबा आत्यांच्या घरी पोचवायचा, असं लेस्टरला बजावलं. टोपावर झाकण घातलं, झाकणावर पाटा ठेवला. मग कपाटातून उरलेल्या ताडीची बाटली काढून सासूच्या हातात दिली.

“मम्मी, ही तू पी. सगळी.”

ताडी आंबून पार कडक झाली होती. कार्मेनबायने नाक मुरडत ती शेवटच्या थेंबापर्यंत संपवली आणि टोपाकडे पाठ करून बसली.