मैदानाभोवतीची वीतभर कड

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, दातांच्या कवळ्या बनवतात. दवाखान्यांतून तोंडाचे ठसे येतात आणि भाऊजी मागच्या खोलीत दिव्याखाली बसून एकेक दात घासत, रंगवत राहतात. दात पांढरा नसतो, असं त्यांनी मला एकदा समजावलं होतं. पांढरा केला की तो खोटा दिसतो. त्याच हाताने, त्याच केसाएवढ्या ब्रशने, ते अंगठ्याएवढे सैनिक रंगवतात. ताई म्हणते, लग्न ठरवताना मुलाला व्यसन नाही असं सांगितलं होतं, हे कुणी बोललं नाही.

या सैनिकांचा एक खेळ असतो. टेबलावर पुठ्ठ्याच्या टेकड्या आणि काड्यांची झाडं मांडायची, समोरासमोर दोन सैन्यं उभी करायची आणि टेपने मोजून आळीपाळीने ती पुढे सरकवायची. वार लागला की चुकला, ते फासे ठरवतात. भाऊजींचा शत्रू वर्षानुवर्षं एकच, त्यांचा शाळेतला मित्र. शाळेत तो एकदाच संघाचा कप्तान झाला, तो सामना हरले, पण नाव कायमचं चिकटलं. बुटका, गोलसर, आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेला. रविवारी दुपारी तो आला की ताईला हाक मारायचा, "वहिनी, युद्धाचा चहा टाका."

आधी ते जमिनीवर खेळत. मग गुडघ्यांनी असहकार पुकारला. एकाला उठवायला दुसरा आणि दुसऱ्याला उठवायला ताई, असं होऊ लागलं तेव्हा भाऊजींनी टेबल करायला घेतलं. नियमाच्या पुस्तकात मैदान सहा फूट बाय चार फूट दिलं होतं. भाऊजींनी टेबल सहा बाय चारच केलं, केसाचाही फरक नाही. कवळी करणाऱ्या माणसाला मापाबाहेर जाणं म्हणजे पाप वाटतं.

पहिल्या रविवारी मी मुद्दाम वरच्या मजल्यावर, ताईकडे, बघायला गेले. सैन्यं उभी राहिली, देखणी दिसली, आणि मग कळेना की बाकीचं ठेवायचं कुठे. फासे, टेप, पत्ते, नियमांचं पुस्तक, चष्म्याची डबी, दोन कप. शिवाय मेलेले. खेळात मेलेल्यांना बाजूला काढावं लागतं आणि ते बरेच मरतात. कप्तानने आपले मेलेले शर्टाच्या खिशात भरले, भाऊजींनी मांडीवर घेतले. फासे टाकले की ते गडगडत घोडदळात शिरायचे. मग मोजायला म्हणून भाऊजी उठले, मांडीवरची प्रेतं खाली सांडली आणि त्यांचा लाडका झेंडेकरी खुर्चीच्या पायाखाली चिरडला गेला.

ताई चहा घेऊन दारात उभी होती. तिने टेबलाकडे पाहिलं आणि म्हणाली, "ताटाएवढंच टेबल केलंत. पाण्याचा पेला काय डोक्यावर ठेवायचा?"

भाऊजींच्या ते जिव्हारी लागलं. त्यांनी टेबलाला चारही बाजूंनी वीतभर रुंद कड जोडली. मैदानापेक्षा जरा खाली, आतून मऊ कापड लावलेली. फाशांना खाच, टेपला खाच, पत्त्यांना खोबण, मेलेल्यांना ओळीने निजवायला पन्हळ, कपाला गोल भोक. हिरडीत दात बसावा तसा फासा आपल्या जागी बसायचा. बघायला शेजारपाजारचे येऊन गेले. कप्ताननेही कडेवरून हात फिरवला आणि म्हणाला, "लेका दातवाल्या, माझे मेलेले माझ्या जिवंतांपेक्षा सुखात आहेत."

त्यानंतर कप्तानचा खेळ बदलला.

हा माणूस म्हणजे अंगावर धावून जाणारा. पहिल्या फेरीत त्याचं घोडदळ टेबलाच्या मध्यावर, दुसऱ्या फेरीत मेलेलं, आणि तिसऱ्या फेरीत हा फासे फुंकत, "घोडामैदान जवळच आहे," म्हणून उरलेले दोन घोडे पुढे काढणार. तो आता आपली सगळी माणसं स्वतःच्या काठाला लावून बसू लागला. धनुर्धाऱ्यांनी लांबून बाण मारायचे आणि घोड्यांनी मागे उभं राहून बघायचं.

भाऊजींना यात मोठा डाव दिसला. ते कवळ्या घासता घासता विचार करत. कागदावर त्याची मांडणी काढून मला दाखवत. विचारत, तो मला आत ओढून घेतोय का? घोडे कशासाठी राखून ठेवलेत? मला खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण मलाही कुतूहल लागून राहिलं. साठी उलटलेला माणूस एकाएकी सावध होतो तो कशाने? मी दर रविवारी भाजी निवडायचं निमित्त करून वर जाऊन बसू लागले. डाव काही उघडा पडेना. कप्तान नुसता हरत होता, तेही शांतपणे.

मग तो येईनासा झाला. एकदा पाहुणे आले, एकदा सर्दी झाली, एकदा नुसताच "बघू". टेबलावर ताईने चादर टाकली. भाऊजी रविवारी दुपारी टेबलाच्या कडेशी खुर्ची घेऊन बसत आणि नवा झेंडेकरी रंगवत. ताई मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "ह्यांना दुसरं आहे कोण? आठवडाभर लोकांच्या दातांशी बोलतात. तो एकच आहे, जो ह्यांना उलट बोलतो."

शेवटी ताईनेच त्याला फोन करून दटावलं, तेव्हा तो आला. आम्ही दोघींनी ठरवलं होतं, आज सैनिकांकडे बघायचंच नाही, माणसाकडे बघायचं.

खेळ अर्ध्यावर आला तेव्हा भाऊजींची डावी बाजू उघडी पडली. मलासुद्धा दिसलं, घोडदळ मध्यावर गेलं तर कप्तान जिंकतोय. त्यालाही दिसलं. डोळे तसे लकाकले. त्याने उजव्या हातात घोडेस्वार उचलला, कडेवरून हात पुढे नेला, आणि तो हात आपल्याच धनुर्धाऱ्यांच्या वर येऊन थांबला. बाहीचं बटण भाल्यांना टेकलं. तोंडावर एक बारीक कळ उमटली. मग हात परत आला.

"नको," तो म्हणाला, "इथेच बरा आहे." आणि चहाचा कप त्याने डाव्या हाताने उचलला.

स्वयंपाकघरात ताईने माझा हात धरला. "पोचत नाही गं त्याचा हात. खांदा गेलाय. आधी तरी पोचत होता, ती कड लावली आणि तो वीतभर मागे सरला."

मी म्हटलं, मग भाऊजींना सांगायचं ना, माझे घोडे तेवढे सरकव म्हणून. ताईने मला आठवण करून दिली. भाऊजी एकदा आपणहून म्हणाले होते, थांब, मी सरकवतो. त्यावर कप्तान म्हणाला होता, "माझी माणसं माझ्याच हाताने मरतील." आम्ही सगळे तेव्हा हसलो होतो.

कप्तान गेल्यावर ताईने भाऊजींना सांगितलं.  ते उठून टेबलाच्या कप्तानकडच्या बाजूला जाऊन उभे राहिले. गुडघे वाकवून त्याच्याएवढे झाले, कोपर बरगडीला चिकटवलं आणि हात पुढे केला. बोटं मध्याच्या बरीच अलीकडे राहिली. तसेच ओणवे राहून ते म्हणाले, "कवळी टोचते असं कोणी सांगत नाही. विचारलं तर बरी आहे म्हणतात, आणि घरी जाऊन डबीत ठेवून देतात. मला कळायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी करवतीचा आवाज खाली माझ्या घरात ऐकू येत होता. लांबीच्या दोन्ही बाजूंची कड, त्या खाचा, ते मऊ कापड, सगळं कापून निघालं. आणि भाऊजी तिथेच थांबले नाहीत. त्यांनी मैदानाचीही दोन्हीकडून चार-चार बोटं कापली. पुस्तकातलं माप मोडलं. फासे आणि मेलेले ठेवायला कप्तानच्या डाव्या हाताशी ताईचं इस्त्रीचं टेबल आलं, कारण त्याची उंची हवी तशी करता येते. ताईने विचारलं, मग कपडे? भाऊजी म्हणाले, रविवारी चुरगळलेले घालू.

कप्तान आला आणि दारातच थांबला. "हे काय केलंस?"

"पाठ धरते माझी," भाऊजी टेपशी चाळा करत म्हणाले. "मध्यापर्यंत वाकवत नाही."

"आणि पुस्तकातलं माप?"

"लिहिणाऱ्याची पाठ तरुण असेल."

कप्तानने कापलेल्या काठावरून अंगठा फिरवला. लाकूड अजून कच्चंच दिसत होतं, पॉलिश व्हायचं होतं. मग त्याने इस्त्रीच्या टेबलाकडे पाहिलं, ते आपल्या डाव्या बाजूला का आहे तेही पाहिलं, आणि खुर्ची ओढून बसला.

पहिल्या फेरीत घोडदळ मध्यावर गेलं. एकेक घोडा त्याने स्वतः नेऊन ठेवला, सावकाश, दात आवळून. दुसऱ्या फेरीत ते सगळं मेलं. इस्त्रीच्या टेबलावर मेलेल्यांची रांग लावताना तो गुणगुणत होता.

जाताना चपला घालता घालता त्याने मान वर न करता विचारलं, "पाठ कशी आहे रे?"

"आज बरी आहे," भाऊजी म्हणाले.

"जप. माझाही खांदा हल्ली जरा कुरकुरतो," कप्तान म्हणाला. आणि जिना उतरू लागला.