आवश्यक किंवा इष्ट

दिगंबरपंत खांबेटे यांनी अडतीस वर्षं सरकारी कचेरीत इंग्रजी कायद्यांचं मराठी केलं. नारायण पेठेत त्यांचं काम कोणाला नीटसं कळलं नाही, पण लग्नपत्रिका छापायला टाकण्याआधी शुद्धलेखनासाठी पंतांना दाखवायची, एवढं ठाऊक होतं. पत्रिका परत येई तेव्हा लाल शाईने माखलेली असे आणि वधूपिता घाम पुशी. निवृत्तीनंतर तर त्यांना लांबून येताना पाहिलं, की मंडईतले दोन-तीन भाजीवाले भावाच्या पाट्या उलट्या करून ठेवत.

अशात सरकारने नागरिकांच्या खासगी माहितीबद्दलच्या कायद्याचा मसुदा आणला आणि संसदेच्या समितीने लोकांच्या हरकती मागवल्या. हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत असलेल्या तनयाने, म्हणजे त्यांच्या मुलीने, मसुदा छापून आणला. पंत एका कलमावर अडले. देशाच्या सुरक्षिततेसारख्या कारणांसाठी 'आवश्यक किंवा इष्ट' वाटेल तेव्हा सरकारला आपल्या कुठल्याही खात्याला या कायद्यातून मोकळं सोडता येणार होतं. मग त्या खात्याने कोणाची माहिती चाळली, हे विचारायची सोय नाही.

'आवश्यक' ठीक आहे. आवश्यकता दाखवून द्यावी लागते. पण 'इष्ट'? हा शब्द पंतांनी शेकडो कलमांत बिनदिक्कत लिहिला होता. तेव्हा त्यांचं मत कोणी विचारलं नव्हतं. आता विचारलंय, तर हा शब्द काढायला लावायचाच, असा त्यांनी चंग बांधला. मुदत मंगळवारपर्यंत होती.

रविवारी अकरा पानं तयार झाली.

"बाबा, एकही चूक नाही," तनया वाचून म्हणाली. "पण वाचणारा दुसऱ्या पानावर झोपेल. घरातलं एखादं साधं उदाहरण द्या ना."

उदाहरण काही सुचेना. ते संध्याकाळी त्यांच्या पत्नीने, हेमाताईंनी आणून दिलं. दुपारी त्या वाईच्या बहिणीला फोनवर निरोप लिहीत होत्या. दारावर कोणी आलं म्हणून फोन टेबलावर ठेवून उठल्या, आणि परत येऊन निरोप तसाच पाठवला. बहिणीचं उत्तर आलं होतं: 'चाळीस वर्षांत तुझ्या आशीर्वादातली शी कधी दीर्घ झाली नाही, ती आज बरी झाली. भाऊजींना नमस्कार सांग.'

पंत चष्मा पुसू लागले.

"अहो, माझा निरोप वाचायची काही आवश्यकता होती?"

"नव्हती," पंत म्हणाले. मग अडतीस वर्षांची सवय मध्ये आली. "इष्ट वाटलं."

स्वयंपाकघरात तनयाला ठसका लागला. हेमाताई मात्र हसल्या नाहीत. "मग हेच लिहा की दिल्लीला," म्हणाल्या आणि भाजी निवडायला बसल्या.

संसदेपुढे आपली चहाडी आपणच करायची? सोमवारी पंतांनी काल्पनिक पोस्टमन रचला, मग काल्पनिक शेजारी रचला. दोघेही त्यांना खोटारडे वाटले. मंगळवारी त्यांनी अकरा पानं फाडली आणि एकच लिहिलं. पत्नीचा निरोप मी तिला न विचारता वाचला. आवश्यकता नव्हती, इष्ट वाटले. मी सुशिक्षित आहे, पत्नीवर माझी माया आहे, तरी माझ्या हातून या शब्दाचा असा उपयोग झाला. ज्यांची आमच्याशी ओळखही नाही, त्यांच्या हाती तो देऊ नये. सबब 'किंवा इष्ट' हे शब्द वगळावेत.

हेमाताईंनी कागद दोनदा वाचला. खाली स्वतः लिहिलं, 'वरिल मजकूर खरा आहे', आणि सही केली. त्या 'वरिल'कडे पाहून पंतांचा हात पेनाकडे गेला. मग त्यांनी तो मुकाट्याने खिशात घातला. हरकत आहे तशी दिल्लीला गेली.

पुढे त्या कलमावर तिकडे बराच वाद झाला, आणि शेवटी अख्खा मसुदाच सरकारने मागे घेतला. पेठेत कोणी अभिनंदन केलं तर पंत म्हणतात, "छे हो, आमच्यामुळे कसला? आम्ही नुसती हरकत घेतली." आणि हे 'आम्ही' आदरार्थी नसून अनेकवचनी आहे, हेही समजावून सांगतात.